रेजिनाच्या रक्तात जे नव्हतं

नववीच्या वर्गात कांद्याच्या सालीचं प्रात्यक्षिक चालू होतं. टेबलावर उलटा ठेवलेला माझा फोन थरथरला. माझ्या नवऱ्याचा, जोसेफचा मेसेज होता आणि त्यात एकच शब्द होता... "ये." कुठे, कशाला, काही नाही. मी मुलांना काचपट्ट्या धुऊन ठेवायला सांगितल्या, शेजारच्या वर्गातल्या बाईंना इकडे लक्ष ठेवायची विनंती केली आणि माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर आले. बोळिंज म्हटल्यावर पहिल्या रिक्षावाल्यानं नुसती मान हलवली. दुसरा म्हणाला, तिकडून रिकामं परत यावं लागतं, मॅडम. तिसऱ्याला मी म्हणाले, "माझी नणंद गेलीय हो." त्यानं रिक्षा सुरू केली. वाटेत कधीतरी माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी अजून स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. रेजिना गेली, हे मी सगळ्यात आधी एका अनोळखी माणसाला सांगितलं, तेही रिक्षा मिळावी म्हणून.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, कशानं गेली विचारतात. मी कॅन्सर म्हणते. मग कसला, असं विचारतात आणि गर्भाशयाच्या मुखाचा म्हटलं की समोरच्याचा आवाज खाली येतो. त्यानंतरचे प्रश्न ठरलेले असतात. सिगारेट ओढायची ना ती, हा एक. तो तोंडावर विचारला जातो. दुसरा मी वळल्यावर माझ्या पाठीमागे विचारला जातो, तो आजार कशानं होतो, माहितेय ना? चव्वेचाळीस वर्षं जगलेल्या बाईचं या दोन प्रश्नांत सगळं आटोपतं. मला ते सहन होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहून काय होणार आहे, ते मलाही ठाऊक नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती दहावीत होती. माझं माहेर डहाणूकडचं. वसईच्या आमच्या गावात घरोघरी जी बोली बोलतात, ती मला सुरुवातीचे कित्येक महिने कळायची नाही. रेजिना माझी दुभाषी झाली. सासूबाई काही बोलल्या की मी तिच्याकडे बघायचे आणि ती गंभीर चेहऱ्यानं अर्थ सांगायची, "मम्मी म्हणते, तू दमली असशील, बस जरा." मी बसायचे. खरं तर सासूबाई भांडी घासून घे, असं म्हणत असायच्या, आणि थोड्या वेळानं ही पोरगी गुपचूप मोरीत जाऊन ती भांडी स्वतः घासायची. सासूबाईंना वाटत होतं सून आळशी आहे. मला वाटत होतं, इतकी प्रेमळ सासू कुणाला मिळते. हे उघडकीला आलं तेव्हा सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांना ओट्याला धरून खाली बसावं लागलं. त्या पुढे मधुमेहानं गेल्या, पण आमच्या तिघींची गट्टी त्या दिवशी जमली ती शेवटपर्यंत राहिली.

पदवी झाल्यावर रेजिनाला मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. परदेशातल्या चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन तिच्याकडे यायचे. समोरच्यानं कितीही वेळा 'नाही' म्हटलं तरी फोन ठेवायचा नाही, त्याला बोलतं ठेवायचं, हे तिचं काम होतं आणि त्यात ती पटाईत होती. सिगारेट तिथलीच. रात्रपाळीत जागं राहायला म्हणून सगळे खाली उतरायचे, त्यांच्याबरोबर ही उतरायला लागली. घरात सगळ्यांना वासावरून संशय होता, पण कुणी बोलत नव्हतं. एके दिवशी सकाळी माझे सासरे वाडीत पानवेलीला पाणी सोडायला गेले आणि विहिरीमागे ती त्यांना सिगारेट ओढताना दिसली. मी दोन पावलं मागे होते. मला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. पप्पा, म्हणजे माझे सासरे, तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या हातात बिडी होती. रेजिनानं ती पाहिली आणि म्हणाली, "पप्पा, तुमच्या बिडीला वास नाही आणि माझ्या सिगारेटीला आहे का?" पप्पा बोलीतच बोलतात, मी इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते. ते म्हणाले, "मी ओढतो कारण मला सोडता येत नाही. तुला अजून येईल. सोड." एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. ती मला नंतर म्हणाली, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिला सोडता आली नाही. लग्नाच्या वेळी सोडली, मारिसा पोटात होती तेव्हा सोडली, ती अंगावर पीत होती तोवर हात लावला नाही. मग पुन्हा सुरू. विल्सन, तिचा नवरा, वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हा माणूस चहासुद्धा मोजून पितो. त्यानं भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, च्युइंगमची पाकिटं आणून ठेवली. शेवटी दोघांत एक तह झाला. घरात ओढायची नाही, फक्त गॅलरीत, दार लावून. बोळिंजच्या त्या फ्लॅटची गॅलरी म्हणजे एक खुर्ची मावेल एवढी जागा. मी गेले की ती मला काचेपलीकडून हात करायची आणि बोटानं खुणावायची, थांब, आलेच.

रक्तस्राव सुरू झाला तेव्हा तिनं तो वयावर ढकलला. पाळी जायच्या आधी असंच होतं, ऑफिसातल्या सगळ्याजणी सांगतात. कंबर दुखायला लागली, ती खुर्चीवर ढकलली. आमच्यासारख्या शिकलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या बायकांच्या घरात हे झालं. कधीतरी एकदा तपासून घ्यावं, असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. निदान झालं तेव्हा गाठ आजूबाजूला पसरलेली होती.

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात त्या दिवशी मी बरोबर होते. डॉक्टर बाई मध्यम वयाच्या, शांत. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हा एक विषाणू आहे, शरीरसंबंधातून येणारा, अगदी सामान्य. लग्न झालेल्या, संसार केलेल्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत घालवून देतं आणि तो येऊन गेला हे त्यांना कळतही नाही. काहीजणींत तो राहतो. वर्षानुवर्षं राहिला तर त्याचा असा कॅन्सर होऊ शकतो. रेजिनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझं व्हायरसनं झालं की सिगारेटनं?" बाई म्हणाल्या, "व्हायरसशिवाय हा आजार जवळजवळ होत नाही. पण सिगारेट ओढणाऱ्यांच्या शरीरात त्याला मुक्काम करायला सोपं जातं." तो कधी आला असेल, हे तिनं विचारलं. ते सांगता येत नाही, कदाचित वीस वर्षांपूर्वी. कुणाकडून, हे तिनं विचारलं नाही. विल्सन शेजारीच बसला होता.

परतीच्या वाटेवर खाडीपुलावर गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक. मी मागच्या सीटवर. मग विल्सन समोर बघतच म्हणाला, "माझ्याकडूनच आला असेल."

"कशावरून?" रेजिना म्हणाली.

"कुणाच्या तरी नावावर टाकायचाच असेल तर माझ्या टाक. तुझ्या आईबापाच्या गावात, माझ्या गावात, कुणीही विचारलं तर मी हेच सांगणार."

ती खिडकीकडे तोंड करून रडली. आजाराचं ऐकून ती रडली नव्हती, तेव्हा रडली. लोकांच्या पाठीमागच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे विल्सननं त्या पुलावर ठरवून टाकलं होतं. गेल्या काही आठवड्यांत मी त्याला ते उत्तर दोनदा देताना ऐकलं आहे. तो ते खाली मान न घालता देतो.

पप्पांना आम्ही फक्त कॅन्सर आहे एवढंच सांगितलं. ते उठले, कोनाड्यातलं बिडीचं बंडल घेतलं आणि वाडीच्या टोकाला जाऊन ते पाण्याच्या पाटात सोडून आले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर ओढत आलेला. रोज संध्याकाळी क्रुसापाशी जाऊन बसायला लागले. मला एकदा म्हणाले, "मी सोडली, आता त्यानं तिला सोडावं." देवाबद्दल बोलत होते की आजाराबद्दल, ते मला कळलं नाही. त्यांचे हात थरथरायचे, जेवण जायचं नाही, पण महिनोन् महिने त्यांनी बिडीला हात लावला नाही.

रेडिएशन आणि किमो चालू असताना त्या हॉस्पिटलात एक संशोधन चालू होतं. एक तरुण डॉक्टर मुलगी येऊन प्रत्येक बाईला विचारायची, तुमचं थोडं रक्त घेऊ का, या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते बघायचंय, तुमच्या उपचाराशी याचा संबंध नाही. सिगारेट, तंबाखू, मशेरी यांबद्दलही ती विचारायची. रेजिनानं रक्त दिलं आणि सगळं खरं सांगितलं. मग तिनं त्या मुलीचा पिच्छा धरला. माझं काय निघालं ते सांग. मुलगी म्हणायची, ताई, आम्ही ते कुणाला सांगत नाही, एकट्या माणसाच्या बाबतीत त्या आकड्याला तसा अर्थ नसतो. रेजिना दर खेपेला नव्यानं विचारायची, गोड बोलून, चिडून, हसवून. जगभरच्या चिडलेल्या माणसांना बोलतं ठेवणाऱ्या बाईपुढे त्या बिचारीचा किती टिकाव लागणार. शेवटी तिनं वरिष्ठांना विचारून सांगितलं. रेजिनाच्या रक्तात त्या अँटिबॉडी जवळजवळ नव्हत्याच.

त्या दिवशी ती थेट आमच्याकडे गावी आली. मी स्वयंपाकघरात होते. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "वहिनी, तू पोरांना शिकवतेस ना अँटिबॉडी म्हणजे काय? मला शिकव."

मी दर वर्षी तो धडा शिकवते. प्रतिपिंडे म्हणजे काय, ती कशी तयार होतात, शरीर एकदा भेटलेल्या जंतूला कसं लक्षात ठेवतं... माझं फळ्यावरचं चित्र ठरलेलं आहे. तिला सांगायला लागले तर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज बसला. तिनं मला पाणी दिलं. तिनं. मग म्हणाली, "म्हणजे तो आला, इतकी वर्षं माझ्यात राहिला, घर केलं त्यानं, आणि माझ्या रक्ताला त्याची साधी ओळखसुद्धा नाही."

"असं पुष्कळजणींत होतं, रेजिना. न ओढणाऱ्यांतसुद्धा. ती मुलगी म्हणाली ना तसं."

"ती हेही म्हणाली की ओढणाऱ्यांत कमी सापडतात, असं त्यांना वाटतंय."

"वाटतंय. अजून शोधतायत ते. कुठे सापडलंय, कुठे नाही."

"मला माझ्यापुरतं सांग ना, वहिनी. मी ओढली नसती तर माझं अंग लढलं असतं का?"

मी विज्ञानाची शिक्षिका. मला माहीत होतं की या प्रश्नाला उत्तर नाही. त्या डॉक्टर बाईंकडे नाही, त्या मुलीकडे नाही, कुठल्याही पुस्तकात नाही. हजार बायकांचं मिळून काही सांगता येतं, एका बाईचं येत नाही. पण समोर एकच बाई बसली होती आणि तिला तिच्यापुरतंच हवं होतं. मी म्हणाले, "नाही सांगता येत." तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं, ते मला पुसता येत नाही. मरणाची भीती मी नंतर पाहिली. हे वेगळं होतं. आपल्याच शरीरानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं आणि सोडायला आपणच त्याला लावलं, अशी खात्री पटलेल्या माणसाचे ते डोळे होते.

त्यानंतर तिला एकच ध्यास लागला, अँटिबॉडी वाढवायच्या. मी किती वेळा समजावलं की आता त्या वाढल्या तरी गाठीला काही होणार नाही, ही लढाई वेगळी आहे. ती मान डोलवायची आणि गुळवेलीचा काढा प्यायची. आवळा, हळद, शेवग्याचा पाला, जो जे सांगेल ते. चंदनसारला कुणी एक माणूस शक्तीची पूड देतो असं तिला कुणी सांगितलं. विल्सन सुट्टी टाकून तिला तिथे घेऊन गेला. किमोनं आधीच काही पोटात ठरत नव्हतं, त्यात ती पूड. घोट घेतला की पाच मिनिटांत बाहेर. तोंड पुसायची आणि पुन्हा घ्यायची. मी एकदा पेला हिसकावून घेतला तर तिनं माझा हात इतक्या जोरात धरला की वळ उठले. "मला काहीतरी करू दे," ती म्हणाली. मी पेला परत दिला.

मग तिनं त्या संशोधन करणाऱ्या मुलीला गाठलं. परत एकदा तपास, आता बघ, आता वाढल्या असतील. मी तिथेच होते. मुलगी पंचविशी-सव्विशीची असेल. तिनं खूप सांभाळून, शब्द शोधत सांगितलं की ताई, आता वाढल्या तरी तुमच्या आजारात फरक पडणार नाही. आणि बोलता बोलता तिलाच रडू फुटलं. रेजिनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नकोस गं. साहेब बघतील, नोकरी जाईल तुझी." बाहेर आल्यावर मात्र तिला चालवेना. कॉरिडॉरमधल्या बाकावर आम्ही बसून राहिलो आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "काहीच नाही का आता, वहिनी, काहीच नाही का?"

आजार फुप्फुसांत गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी विल्सन खाली उतरला आणि पानवाल्याकडून स्वतः तिचं सिगारेटचं पाकीट घेऊन आला. इतकी वर्षं ज्यानं ते सोडवायचा प्रयत्न केला, त्यानं ते तिच्या हातात दिलं आणि गॅलरीचं दार उघडून दिलं. एका सिगारेटीचे दोन-तीन झुरके तिला जमायचे, मग खोकला. ती म्हणायची, आता चवही लागत नाही. तरी ओढायची. मला तिचा राग आला नाही. कुणाचाच राग यावा एवढी ताकद आमच्यात उरली नव्हती.

एक गोष्ट मात्र तिनं करून घेतली. मारिसा तेव्हा तेरा वर्षांची होती. या विषाणूची लस असते, आणि ती या वयात द्यायची असते, हे रेजिनानं हॉस्पिटलातच विचारून घेतलं होतं. विल्सनची आई त्यांच्याबरोबर राहते. ती वाईट बाई नाही, रेजिनाचं सगळं तिनं केलं. पण लसीचं ऐकून ती घाबरली. "तेरा वर्षांच्या पोरीला ती लस? सोसायटीत कळलं तर काय समजतील? उद्या स्थळं बघायची वेळ येईल तेव्हा?" रेजिना सोफ्यावर आडवी होती. डोक्यावर केस नव्हते, पाय सुजलेले, ओठ फुटलेले. ती कोपरावर उठली आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे बघा." म्हातारीनं बघितलं. मग ती आत गेली आणि मारिसाचे कपडे घेऊन आली.

आम्ही तिघी रिक्षानं मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन जिने होते, लिफ्ट बंद. रेजिना दर पायरीला थांबत होती, पण मी एकटी मारिसाला घेऊन जाते म्हटलं तर ऐकेना. डॉक्टरांना तिनं पहिला प्रश्न विचारला, "ह्यानं हिच्या रक्तात अँटिबॉडी होतील ना?" ते म्हणाले, "भरपूर होतील. आजार होऊन ज्या होतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. सहा महिन्यांनी दुसरा डोस घ्यायला विसरू नका." रेजिनानं डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. परत येताना रिक्षात तिनं मारिसाचा दंड धरून ठेवला होता. "दुखतंय?"

"थोडं."

"दुखू दे."

सहा महिन्यांचा हिशोब आम्ही तिघींनीही मनात केला असणार.

मृत्यूच्या बातमीत आम्ही छापलं की तिला शांतपणे मरण आलं. ते खरं नाही. ती शेवटपर्यंत धडपडत होती. आदल्या दिवशी फादर परमप्रसाद घेऊन आले, पवित्र तेल लावून रुग्णाभ्यंग झालं, आम्ही सगळे गुडघे टेकून होतो. फादर गेल्यावर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. श्वासाचा आवाज इतका होता की मला कान तिच्या ओठांशी न्यावा लागला. "वहिनी, मला मरायचं नाहीये." मी तिचा हात धरला. काही चांगलं बोलावं, देवाचं काही सांगावं, इतकी वर्षं ऐकलेलं, म्हटलेलं... एक शब्द आठवला नाही. "मला माहितेय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले कारण विल्सन म्हणाला, अजून एक-दोन दिवस आहेत असं डॉक्टर म्हणतायत.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, सिगारेट ओढायची बिचारी. पप्पांनी ते ऐकलं. ते वळले नाहीत. घरी आल्यावर ओटीवर बसले आणि जोसेफला म्हणाले, "बिडी आण." जोसेफनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं आणून दिली. पप्पांनी ती पेटवली आणि पहिल्या झुरक्यालाच म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहायला लागलं ते थांबेना. बिडी बोटांत तशीच जळत राहिली. आता ते पहिल्यापेक्षा जास्त ओढतात. त्यांना काही होत नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात छाती चांगली आहे. हे ऐकून ते तोंड फिरवतात.

गेल्या शनिवारी मारिसाचा दुसरा डोस होता. मी बोळिंजला गेले तर ती दारात तयार होती. घामाच्या धारा लागणाऱ्या उकाड्यात तिनं रेजिनाचं काळं जॅकेट घातलं होतं, बाह्या बोटांच्याही पुढे आलेल्या. ऑफिसातल्या एसीसाठी रेजिनानं ते कधीतरी घेतलं होतं. पुढे गॅलरीत जाताना घालायची, म्हणजे घरातल्या कपड्यांना वास लागायला नको. विल्सननं हळू आवाजात मला सांगितलं की आजीनं ते धुवायला काढलं होतं, तर पोरीनं मशीनमधून ओढून काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात ठेवते. कधी कधी पिशवीचं तोंड उघडून त्यात नाक खुपसून बसलेली दिसते. "मी काय करू, वहिनी?" तो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे.

दवाखान्यात नर्स नवीन होती. तिला आमचं काही माहीत नव्हतं. मारिसानं जॅकेट काढलं नाही, एकच बाही सोडवली आणि दंड मोकळा केला. कापूस लावायला नर्स वाकली आणि तिनं नाक मुरडलं. "सिगारेटचा किती वास येतोय हिच्या अंगाला. घरात कोण ओढतं?"

मी पुढे झाले, पण मारिसा आधी बोलली. "मम्मी."

"सांग तिला, सोडून दे म्हणावं. तुझ्यासाठी चांगलं नाही ते."

मारिसानं मान खाली घातली, मोकळ्या हातानं जॅकेट छातीशी धरलं आणि दंड पुढे केला.

"सांगते," ती म्हणाली.